‘पडली ना बाई, वट्ट्यावरून’: घरात मार खाणाऱ्या माय-लेकरांबद्दल सिस्टर नेहमी विचारतात ते प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात मी आधी उपकेंद्रात एएनएम (गावपातळीवरची नर्स) होते, पुढे आरोग्य सहायिका झाले. दर महिन्याच्या सभेत लसीकरणाचे, प्रसूतीचे आकडे वाचून झाले की चहाच्या वेळी एखादी सिस्टर बाजूला घ्यायची आणि आवाज खाली आणून म्हणायची, "मॅडम, एक पेशंट आहे..." हे प्रश्न सभेच्या इतिवृत्तात कधी आले नाहीत. इथं ते लिहून काढलेत. उत्तरं अनुभवातली आहेत, कायद्याची बाजू तपासून घेतलेली आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय इथल्या सिस्टरांसाठी हे आहे. आशाताईंनीही वाचलं तर बरंच.

हे पोलिसांचं काम आहे. आपण कशाला पडायचं त्यात?

गावातली सून कोणाच्या डोळ्यावर न येता कुठं जाऊ शकते ते आठवून पाहा. पोलीस ठाण्याची पायरी चढली की दिवेलागणीपर्यंत गावभर होते. पोलीस पाटील, सरपंच बहुतेक वेळा सासरच्या नात्यातले. माहेर दोन एसट्या बदलून. दवाखान्यात मात्र तिला सासूच पाठवते. सुईसाठी, गोळ्यांसाठी, लेकराच्या डोससाठी. आणि दार लोटून तिला एकटीला तपासायचा अधिकार गावात फक्त आपल्याला आहे. त्या पाच मिनिटांबद्दल कोणाला संशय येत नाही. दुसऱ्या कोणत्याही सरकारी माणसाला ही पाच मिनिटं मिळत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायांपैकी साधारण २९ टक्के बायांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. ज्यांनी अशी हिंसा सोसली त्यांतल्या ७७ टक्के बायांनी मदत मागितली नव्हती, कोणाजवळ बोलल्याही नव्हत्या. तुमच्या गरोदर मातांच्या रजिस्टरात शंभर नावं असतील तर हिशेब तुम्हीच करा.

नवरा नाहीतर सासू सोबतच असते. हटतच नाही. विचारू कशी?

सोबतच्या माणसापुढं विचारायचंच नाही. हा एकच नियम मी कधी मोडू दिला नाही. त्याच्यासमोर विचारलं तर ती "काही नाही बाई" म्हणेल आणि घरी गेल्यावर त्या प्रश्नाचीही किंमत मोजेल.

तिला एकटं पाडायच्या युक्त्या प्रत्येक सिस्टरच्या वेगळ्या असतात. सगळ्यात सोपी म्हणजे सगळ्यांनाच एक नियम लावायचा: ‘तपासणीच्या खोलीत फक्त पेशंट’ अशी पाटी. मग कोणाला वाटत नाही की माझ्याच बायकोला वेगळं नेलं. ज्या उपकेंद्रात दुसरी खोलीच नाही तिथं पडदा चालत नाही, पडद्यातून आवाज जातो. अशा वेळी लघवी तपासायची आहे म्हणून तिला मागं न्या. नवऱ्याला आधार कार्डाची, पासबुकाची झेरॉक्स आणायला पाठवा. गावात झेरॉक्सचं दुकान नसेल तर निवांत अर्धा तास मिळतो. सासूला आशाताईच्या हवाली करा, "आजी, चला तुमचं बीपी पाहू." सासूलाही बरं वाटतं. तिलाही कोणी कधी विचारलेलं नसतं.

बोलतं लेकरू खोलीत नको. दोन वर्षांच्या पुढचं लेकरू जेवताना बापाला सहज सांगून टाकतं. गृहभेटीत, अंगणवाडीच्या व्हरांड्यात, आरोग्य व पोषण दिवसाच्या गर्दीत हा विषय काढूच नका. तिथं फक्त एवढं म्हणा, "मंगळवारी उपकेंद्रात ये, वजन नीट घ्याचं हाय."

शब्द कोणते वापरू?

तिच्या तोंडचे. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतलं ‘आपल्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो का’ हे वाक्य कापूस वेचून आलेल्या बाईला विचारलं तर ती तुमच्या तोंडाकडं पाहत राहील. आणि "घरी सगळं बरं हाय ना?" असं विचारलं तर उत्तर "हो" असंच येणार. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर आपल्याकडं नाहीच.

मी असं विचारायची: "कईकई घरात भांडणतंटा होते, माणूस हात उचलते. मी सगळ्याच बायांना इचारतो. तुह्यासंग असं होते का?" किंवा नुसतं, "घरी कोणाचा भेव वाटते का तुले?" भेव हा शब्द चालतो. मार आपल्याला लागतो हे कबूल करायला लाज वाटते, भेवाची तेवढी वाटत नाही. पैशाचं वेगळं विचारा: मजुरीचे पैसे कोणाच्या हातात जातात, दवाखान्यात यायला भाड्याचे पैसे मागावे लागतात का. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानं शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असा चारही तऱ्हेचा छळ हिंसा मानला आहे. मजुरी हिसकावून घेणं त्यात येतं, ‘पोरीच होतात’ म्हणून रोज टोमणे मारणंही येतं.

एक प्रश्न मात्र विचारू नका: "काऊन मारते थो?" त्यात तिनं काहीतरी केलं असेल हे आपण आधीच गृहीत धरलेलं असतं, आणि तिच्या ते बरोबर लक्षात येतं.

ती म्हणते वट्ट्यावरून पडली. पडलीही असेल ना?

असेलही. शेणानं सारवलेल्या वट्ट्यावर पावसाळ्यात मीही घसरले आहे. पण पडलेलं माणूस हात टेकतं, म्हणून तळहात, कोपर, गुडघा खरचटतो. पाठ, कानामागची जागा, छाती, पोट, दंडाची आतली बाजू, मांडीची आतली बाजू हे पडताना सहसा वाचतं. हाताच्या बाहेरच्या कडेवर काठीचे वळ असतील तर तिनं मार चुकवायला हात वर केलेला असतो. काही जखमा ताज्या, काही सुकत आलेल्या असतील, सांगितलेलं कारण आणि जखम जुळत नसेल, लागून चार दिवस झाल्यावर आली असेल, तर पुन्हा विचारा. जखमेशिवायही खुणा असतात: दर पंधरा दिवसांनी डोकं दुखतं, कंबर दुखते, झोप नाही, तपासणीच्या तारखा चुकतात, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नवराच देतो.

गळा दाबला होता का, हे वेगळं आणि स्पष्ट विचारा. बाहेरून काहीच दिसत नाही असं बरेचदा होतं. आवाज घोगरा झाला, गिळताना दुखतं, डोळ्यात लाल ठिपके आले, दाबताना शुद्ध हरपली किंवा कपड्यात लघवी झाली, यातलं काहीही असलं तर तिला घरी सोडू नका, वरच्या दवाखान्यात पाठवा. सूज नंतर वाढू शकते. आणि ज्यानं एकदा गळा दाबला त्याच्या हातून पुढं जीव जाण्याचा धोका बराच जास्त असतो.

ती तरीही "नाही" म्हणाली तर जोर करू नका. "बरं. कधी काही वाटलं तर ये, मी कोणाले सांगत नाही" एवढं बोलून गोळ्या द्या. माझ्याकडं एक बाई तीन खेपा आली. दोनदा पोट दुखतं म्हणून. तिसऱ्या खेपेला गोळ्या पदरात बांधून दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"हो" म्हणाली. आता माझे हातपाय गळतात.

गळू द्या, पण खुर्ची सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं आरोग्य सेविकांसाठी सांगितलेला क्रम साधा आहे: ऐकून घ्या, तिला आत्ता काय हवं ते विचारा, तिच्यावर विश्वास आहे हे बोलून दाखवा, आजच्या रात्रीची सुरक्षितता पाहा, पुढच्या मदतीशी जोडून द्या. पहिल्या तीन गोष्टींना ना गाडी लागते, ना साहेबांची परवानगी.

"यात तुही काही चूक नाही" हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन याचा हिशेब नाही. बाया त्याच वाक्याला रडतात. रडू द्यायचं. पाणी द्यायचं. तेवढ्यात बाहेरून "झालं का?" अशी हाक येते, तेव्हा "बीपी वाढलंय, पुन्हा पाहावं लागते" हे आपलं नेहमीचं उत्तर.

नंतर चार गोष्टी विचारा: मार वाढत चाललाय का, हत्यार उगारलं का, गळा दाबला का, आज घरी जायला भीती वाटते का. आणि पाचवी, जी आपल्या भागात विसरून चालत नाही: जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का. कापसाच्या पट्ट्यात फवारणीचं औषध घरातच, कधी खाटेखाली असतं. विचारल्यानं असा विचार मनात शिरत नाही, वाढतही नाही. उत्तर हो असेल तर तिला एकटी सोडायची नाही, डॉक्टरांना लगेच कळवायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो.

नवऱ्याला बोलावून समजावून सांगितलं तर? गावात मला मान आहे.

मलाही होता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एकाला उपकेंद्रात बोलावलं आणि चांगला दम भरला. तो मान खाली घालून "चुकलं बाई" म्हणाला, माझ्या पाया पडला. मी खुशीत घरी गेले. त्याची बायको पुढचे चार महिने तपासणीला आली नाही. घरातली गोष्ट बाहेर नेली म्हणून तिला त्या रात्री काय झालं, हे मला बाळंतपणाच्या वेळी तिच्या बहिणीकडून कळलं.

तेव्हापासून समेट हा शब्द मी दवाखान्याबाहेर ठेवला. समेट करायला गावात माणसं पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक समेटात बाईच एक पायरी खाली येते. "लेकरांकडं पाहून सहन कर" हे वाक्य तिला घरी फुकट मिळतं. त्यासाठी सहा किलोमीटर चालत ती आपल्याकडं आलेली नसते. जावं की राहावं, तक्रार करावी की नाही, हे ती ठरवेल. उलट बाजूनंही सांभाळा: "सोडून दे त्याले" असा सल्लाही देऊ नका. निघून जाण्याच्या दिवसांतच जिवाचा धोका सगळ्यात जास्त असतो, आणि त्या दिवसांत तुम्ही तिच्या घरात नसता.

केसपेपरवर काय लिहू आणि काय नको?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते. दोन वर्षांनी कोर्टात ती उभी राहते तेव्हा शेजारी साक्ष फिरवतात, भाऊ कंटाळलेला असतो. तुम्ही त्या दिवशी लिहिलेला कागद तेवढा असतो.

तिचेच शब्द अवतरण चिन्हांत लिहा: पेशंट म्हणाली, "नवऱ्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं." कोणी मारलं, कशानं, केव्हा, कुठं. वळ किती सेंटिमीटरचा, कोणत्या बाजूला, रंग कोणता. शरीराचं साधं चित्र काढून त्यावर खुणा करा. रंगावरून ‘तीन दिवसांपूर्वीची जखम’ असा अंदाज मात्र लिहू नका. रंग प्रत्येकाच्या अंगावर वेगळा बदलतो आणि उलटतपासणीत वकील तिथंच धरतो. ‘घरगुती भांडण’, ‘किरकोळ मार’, ‘पेशंट कांगावा करते’ असले शेरे नकोत. तिला काय झालं ते लिहा, तुम्हाला काय वाटलं ते नको.

आता गोम अशी, की ओपीडीचा केसपेपर आणि माता-बाल संरक्षण कार्ड तिच्यासोबत घरी जातं. कार्डावर एक अक्षरही लिहू नका. घरी जाणाऱ्या कागदावर फक्त उपचार, सविस्तर नोंद दवाखान्यात राहणाऱ्या रजिस्टरात. आणि ते रजिस्टर टेबलावर उघडं नको. शिपाई गावचाच असतो, त्याचा चुलतभाऊ तिचा दीर असतो. विदर्भातल्या दीड हजार वस्तीच्या गावात गुपित राखणं म्हणजे काय असतं, ते शहरातून आलेल्या प्रशिक्षकांना सांगून कळत नाही.

मारहाणीची जखम असेल तर एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद, वैद्यकीय अधिकारी करतात. तुम्ही त्यांना कळवा आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत दवाखान्याबद्दल तीन गोष्टी स्पष्ट आहेत. आधी कुठं नोंद झाली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. घटनेचा अहवाल आधी भरलेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानं तो नमुना १ मध्ये भरून संरक्षण अधिकाऱ्याकडं पाठवायचा असतो. आणि तपासणी अहवालाची प्रत तिला फुकट द्यायची असते. कागद पाठवण्याआधी तो कुठं जाणार, घरी कोणी चौकशीला येऊ शकतं का, हे तिच्याशी बोलून घ्या.

बलात्कार किंवा ॲसिड हल्ला असेल तर सरकारी असो की खाजगी, कोणत्याही दवाखान्याला लगेच आणि विनामूल्य उपचार द्यावेच लागतात, आणि पोलिसांना कळवावं लागतं. उपचार नाकारणं हा गुन्हा आहे. गर्भ राहू नये म्हणून गोळी आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत. म्हणून एफआयआरची वाट पाहत बसू नका. पुराव्यासाठी तिचे कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही.

गरोदर असेल तर काय वेगळं?

पोटावर लाथ बसली असं तिनं सांगितलं, किंवा नुसता संशय आला, तरी पोट कडक झालंय का, दुखतंय का, अंगावरून जातंय का, बाळाची हालचाल कमी झाली का ते पाहा. यातलं काही असलं की १०८ ची गाडी. गर्भाशयातली वार सुटलेली असू शकते आणि रक्त आतच साचतं, बाहेर थेंबही दिसत नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर चिठ्ठीवर ठळक लिहा, तिला अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं.

हिंसेत वाढलेल्या गरोदरपणात कमी वजनाचं, दिवसांआधीचं बाळ होण्याचा धोका वाढतो. ‘वजन वाढत नाही, खात नाही’ म्हणून आपण बाईला रागावतो. ताटात काय पडतं आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर काय उरतं, ते विचारत नाही.

नको असलेल्या गर्भाबद्दल एक समजूत काढून टाका: सज्ञान बाईच्या गर्भपाताला कायद्यानं नवऱ्याची सही लागत नाही, फक्त तिची लागते. नवऱ्यानं जबरदस्ती केल्यानं राहिलेला गर्भही गर्भपात कायद्यापुरता बलात्कारातून राहिलेला मानायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे.

मार मायला बसतो. लेकरांचं काय पाहायचं?

लेकरू भिंतीपलीकडं जागं असतं. "लहान आहे, त्याले काय समजते" हे माय स्वतःला समजावण्यासाठी म्हणते.

तान्हं बाळ चटकन दचकतं, दूध तोडतं, वजन एकाच रेषेवर अडून राहतं. कुपोषित लेकरांच्या बालउपचार केंद्रात भरती केल्यावर वजन वाढतं आणि घरी गेलं की पुन्हा उतरतं, असं लेकरू दिसलं तर मायला एकटीला गाठून विचारा. चार-पाच वर्षांचं, आधी सुटलेलं अंथरूण पुन्हा ओलं करायला लागतं. शाळेतलं पोट दुखतं म्हणून घरी थांबतं. त्याला मायवर पहारा ठेवायचा असतो. मोठी पोरगी गप्प होते, मोठा पोरगा बापासारखा हात उचलायला लागतो.

लेकराच्या अंगावरच्या खुणा वाचायला शिका. अजून पालथंही न पडणाऱ्या बाळाच्या अंगावर काळानिळा डाग असेल तर ती धोक्याची घंटा. ते बाळ स्वतःहून कुठं आदळत नाही. कान, गाल, मान, पाठ, कुल्ले या जागा खेळताना लागण्याच्या नाहीत. सरळ कडेचा चटका, दोन्ही पायांना मोजा घातल्यासारखी भाजल्याची रेघ, हे अपघाताचं नसतं. मेळघाटात पोटफुगीवर चटके देण्याची चाल अजून दिसते. तिथं हेतू मारण्याचा नसतो, पण इजा तीच. अशा घराशी वेगळ्या सुरात बोलावं लागतं.

मायसाठी काय करता येईल? तिला दोष न देता एवढं सांगा: भांडण पेटलं की लेकरांनी मध्ये पडायचं नाही, शेजारच्या अमुक काकूकडं पळायचं. नंतर त्यांना जवळ घेऊन बोलायचं, "तुमच्यामुळं नाही झालं." लेकरांना वाटतं आपल्यामुळंच झालं. स्तनपान, झोप, जेवणाच्या वेळा जमतील तेवढ्या सांभाळायच्या. एक शांत, रोज दिसणारं मोठं माणूस लेकराला पुष्कळ सावरतं. ती आजी असेल, अंगणवाडीताई असेल, शाळेतले गुरुजी असतील.

लेकराला मार किंवा उपासमार होत असेल तर चाइल्डलाइनचा १०९८, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पर्याय उरत नाही: २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोरीची तपासणी महिला डॉक्टरच करतील, तिच्या विश्वासाचं माणूस सोबत राहील. तुम्ही स्वतः खोदून खोदून विचारू नका. तिनं आपणहून जे सांगितलं ते तसंच लिहा.

सोळा वर्षांची पोरगी गरोदर आहे. घरचे म्हणतात लग्न झालंय.

लग्नानं वय वाढत नाही. अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हाही गुन्हाच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच ठरवलं. कळवावं लागेल. पण ही बातमी घरच्यांना ओरडून सांगू नका, नाहीतर पोरगी पुढच्या वेळी दवाखान्याऐवजी घरीच बाळंत होईल, आणि सोळाव्या वर्षीचं बाळंतपण जोखमीचं असतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत, शांतपणे, आणि तपासणी सुरू ठेवून.

सगळं सांगून ती म्हणते, "जातो बाई घरी." मी काय करू?

जाऊ द्या आणि तयारी करून पाठवा. आधार, रेशन कार्ड, पासबुक, लेकरांचे जन्माचे दाखले, जातीचं प्रमाणपत्र यांच्या झेरॉक्स कोणाकडं ठेवता येतील? माहेरी नाही, लांब पडतं. गावातच एक विश्वासाचं घर शोधा. थोडे पैसे, एक जोड कपडे तिथंच. शेवटची एसटी किती वाजता सुटते हे तिला पाठ हवं. भांडण सुरू झालं की चूल, विळा, कुऱ्हाड असलेल्या खोलीत जायचं नाही, दाराकडं सरकायचं. फवारणीचं औषध शेतातल्या कोठ्यात ठेवायला लावा. शेजारणीशी एक खूण ठरवा. एका बाईनं वाळत घातलेल्या लाल लुगड्याची ठरवली होती.

पत्रक देऊ नका, पिशवीत सापडतं. मोबाइलमध्ये नंबर ‘महिला हेल्पलाइन’ नावानं साठवू नका, ‘सिलिंडरवाला’ चालेल. हेल्पलाइनचा नंबर १८१, तीन आकड्यांचा आहे, तोंडपाठ होतो.

आणि पुढची तारीख द्या. लेकराचा डोस, लोहाच्या गोळ्या, काहीही. यायला तिला निमित्त लागतं.

दारू सुटली की मार थांबेल का?

कमी होतो, पण दारूवर सगळं ढकलू नका. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यातही आहे, चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. बंदीसाठी या भागातल्या बाया वर्षानुवर्षं मोर्चे काढत आल्या ते काही हौसेनं नाही. तरी न पिणारे मारणारे मी भरपूर पाहिले, आणि पिऊन आलेला माणूस चौकात ठाणेदारावर हात उचलत नाही, घरी येऊनच उचलतो. व्यसनाचा उपचार जरूर करावा. मात्र त्याचं व्यसन सुटेपर्यंत तिनं थांबावं, ही अट घालू नका.

नेमकं कोणाला फोन करू?

जीव धोक्यात असेल तर ११२. सल्ला, सुटका, निवारा हवा असेल तर १८१. प्रत्येक जिल्ह्यासाठी ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना २०१५ पासून आहे. उपचार, पोलीस मदत, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी, लेकरांसह. फुकट वकिलासाठी १५१०० किंवा तालुका विधी सेवा समिती. महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी हे या कायद्यातलं मुख्य माणूस; त्यांचं नाव, मोबाइल आणि ते खरंच कोणत्या वारी बसतात हे आधीच विचारून ठेवा. रात्री दहाला शोधाशोध नको.

तिला एवढं कळलं पाहिजे: २००५ च्या कायद्याखाली अर्ज केला म्हणजे नवरा लगेच आत जातो असं नाही. संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्ची, लेकरांचा तात्पुरता ताबा मागता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यावी आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. कोर्टात लागणारा वेळ याहून लांबतो, तेही तिला खरं सांगा. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे. सासरच्या छळाचं जुनं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं. तो वेगळा, फौजदारी रस्ता.

आदिवासी बाई असेल, कोलाम पोडावरची (वस्तीवरची), कोरकू, माडिया, आणि मला भाषा येत नसेल?

दुभाषी म्हणून नवरा नको, लेकरू तर मुळीच नको. दुसऱ्या पाड्याची आशा किंवा अंगणवाडीताई बोलवा, आणि तिच्याकडून आधी कबूल करून घ्या की बाहेर बोलणार नाही. मार, भीती, गळा, पोट, मदत एवढे पाच-सहा शब्द त्या भाषेतले वहीत लिहून ठेवा. तोडकं बोललं तरी बाई हसते, आणि हसली की बोलते.

म्हातारी माय पोराच्या हातचा मार खाते. तिला हा कायदा लागतो?

लागतो. हा कायदा फक्त बायकोचा नाही. एका घरात राहणारी आई, बहीण, विधवा सून, सगळ्या त्यात येतात. म्हातारीला विचारायचं आपण विसरतो. मोतीबिंदूच्या शिबिरात एकीच्या डोळ्याखालचा डाग मी स्वतः ‘वयामुळं’ म्हणून सोडून दिला होता. ती पुढच्या शिबिराला आली नाही.

नवरा उपकेंद्रात येऊन "माह्या बायकोले काय शिकवलं?" म्हणून ओरडला. माझं काय?

"तब्येतीचं बोलणं झालं, ते सगळ्यांशीच होते" एवढंच. तिनं काय सांगितलं ते कबूलही करू नका, नाकारूही नका. दार उघडं ठेवून, कोणाला तरी सोबत घेऊन बोला. एकट्या क्वार्टरला राहत असाल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवा. आरोग्य सेवा देणाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्यात नर्सही येते. गावात नंतर तुम्हालाच बोल लावणारे भेटतील. दुसऱ्या दिवशी लसीकरण मात्र ठरल्या वेळी लावा.

माझ्याच घरी असं होत असेल तर?

हा प्रश्न मला तोंडावर कोणी विचारला नाही. एका प्रशिक्षणात शंका चिठ्ठ्यांवर लिहून टाकायला सांगितल्या होत्या, त्यात निघाला. अक्षर मुद्दाम बदललेलं होतं.

वर जे लिहिलं ते सगळं तुम्हालाही लागू आहे. पगार खात्यात आला की एटीएम कार्ड नवऱ्याकडं, हाही आर्थिक छळच. नाइट ड्यूटीवरून संशय, बदलीसाठी धाक, हेही. आपल्याच तालुक्यात तोंड दाखवायला नको वाटलं तर १८१ ला फोन करा, किंवा जिल्ह्याच्या सखी केंद्रात जा. तिथं कोणी ओळखीचं निघायची शक्यता कमी. स्वतःच्या जखमेची नोंद मैत्रिणीच्या हातून नको, डॉक्टरांकडून करून घ्या.

ती चिठ्ठी कोणाची होती ते मी शोधलं नाही. पुढच्या प्रत्येक सभेत मात्र फळ्याच्या कोपऱ्यात १८१ आणि १५१०० लिहून ठेवायची, आणि फळा पुसताना तेवढा कोपरा सोडायची.